पॅटर्न कुणी केला?

आबांना कुठलीही जुनी गाडी दाखवायला नेलं, की ते गाडीच्या पुढे उभे राहत नाहीत. लोक पुढूनच बघतात. दिवे, जाळी, बॉनेटच्या टोकावरचं ते चकचकीत चिन्ह. आबा बाजूला जातात, गुडघ्यांवर हात टेकून वाकतात आणि खालून बघतात. उठताना, शेजारी कुणी असो वा नसो, हळूच म्हणतात, "पॅटर्न कुणी केला आसंल?"

आबा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांनी चाळीस वर्षं पॅटर्नमेकर म्हणून काम केलं. घराणं सुताराचं. आजोबा बैलगाडीची चाकं आणि नांगर करायचे, आबांनी त्याच पटाशीनं इंजिनाचे आणि पंपांचे पॅटर्न केले. फौंड्रीशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते. लोखंडाची कुठलीही ओतीव वस्तू आधी लाकडात जन्माला येते. मोल्डरनं तो लाकडी नमुना वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा आणि त्याच्या मागे राहिलेल्या पोकळीत भट्टीतला रस ओतायचा. रस थंड झाला की वस्तू तयार होते आणि लाकूड परत फळीवर जातं. वस्तू जगभर फिरते, लाकूड इथंच राहतं.

आमच्या घराच्या माळ्यावर अजून असे पन्नासेक पॅटर्न आहेत. तांबड्या-काळ्या रंगाचे, चपड्या लाखेचा वास असलेले. त्यांतला एक माझ्या ओळखीचा आहे. पुढं जे लिहिणार आहे ते सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं, म्हणून आधी त्याचीच गोष्ट.

मी नववीत होते. एक हौशी गृहस्थ त्यांच्या जुन्या इंग्लिश गाडीचा पाण्याचा पंप घेऊन घरी आले. पंपाची बॉडी तडकलेली होती. वेल्डिंग दोनदा करून झालं होतं, दोन्ही वेळा सुटलं होतं. सुटा भाग कुठल्याच बाजारात मिळत नव्हता आणि मिळणारही नव्हता. ती गाडी बनवणारी कंपनीच राहिली नव्हती. आबांनी ते तडकलेलं लोखंड हातात घेऊन बराच वेळ फिरवलं, मग म्हणाले, "करू की. पर घाई करायची न्हाई."

मला वाटलं, जुना पंपच वाळूत दाबला की झालं. आबांनी त्यांची खास पट्टी आणून माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीला लावून दाखवली. दोन्हींवर बारा इंच लिहिलेले, पण आबांची पट्टी थोडी लांब! ओतीव लोखंड थंड होताना फुटामागे साधारण १/८ इंच आकसतं. म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा इंचच तेवढा मोठा असतो. ॲल्युमिनियम याहून जास्त आकसतं, त्याची पट्टी वेगळी. जुन्या भागावरून थेट साचा काढला तर नवा भाग लहान येणार. शिवाय जिथं लेथवर कातायचं आहे तिथं वरचढ माल ठेवायचा, पॅटर्न वाळूतून उचलताना कडा ढासळू नयेत म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा आणि आतल्या पोकळीसाठी वाळूचा कोअर, म्हणजे त्या पोकळीच्याच आकाराचा ठोकळा, वेगळा करायचा. जी वस्तू व्हायला हवी, तिच्यापेक्षा मुद्दाम वेगळी वस्तू करायची, तेव्हा कुठं हवी तशी वस्तू मिळते. मी त्या दिवशी हे पहिल्यांदा ऐकलं आणि अजून विसरलेले नाही.

सागवानाचा तो पॅटर्न करायला आबांना नऊ दिवस लागले. कामावरून आल्यावर, जेवण करून, रात्री. आतल्या कोपऱ्यांत ते मेणाची गोलाई भरायचे. अंगठ्यानं मेण दाबत न्यायचं आणि शेवटी नखाचा एकच ओढ. कोपरा धारदार राहिला तर लोखंड तिथंच तडकतं, म्हणून ही गोलाई. पहिलं कास्टिंग वाया गेलं. कोअर नीट वाळला नव्हता, त्याच्या वाफेनं लोखंडात बुडबुडे राहिले. दुसरं जमलं. उद्यमनगरातल्याच एका टर्नरनं ते कातलं, फिटरनं बसवलं आणि गाडी चालू झाली. आबांनी लाकडाचे आणि मजुरीचे म्हणून जे पैसे घेतले, ते आजच्या हिशेबात सांगितले तर कुणाला खरे वाटणार नाहीत.

दोन-तीन वर्षांनी शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. आम्ही गेलो. ती गाडी होती. समोर सुबक अक्षरांत फलक होता: कंपनी, मॉडेल, मालक आणि खाली, "सर्व भाग मूळ". आबा नेहमीप्रमाणे बाजूला जाऊन वाकले. बॉनेट उघडं ठेवलं होतं. पंपाच्या कोपऱ्यातली ती गोलाई मला लांबूनही ओळखू आली. मी आबांच्या तोंडाकडे बघत होते, मला राग आला होता. आबा उठले ते खुशीत. म्हणाले, "थेंबभर बी गळत न्हाई बघ." त्यांना फलक दिसलाच नव्हता. की दिसूनही त्यांनी तो वाचला नव्हता, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

*

मागच्या वर्षी भावाकडे कोइम्बतूरला गेलो होतो. तो तिथं पंपांच्या कारखान्यात आहे. कोल्हापूरच्या माणसाला कोइम्बतूर परकं वाटत नाही. तिथंही फौंड्र्या, पंप, मोटारी. तिथंही गल्लीत शिरलं की लेथचा आवाज आणि कापलेल्या लोखंडाचा वास. त्या गावात जी. डी. नायडूंच्या नावाच्या ट्रस्टचं कार म्युझियम आहे, २०१५ साली सुरू झालेलं. भाऊ म्हणाला, आबांना दाखवू.

नायडूंची (१८९३–१९७४) हकिकत आबांनी भावाकडून दोनदा ऐकून घेतली. शाळेत मन न रमलेला शेतकऱ्याचा मुलगा. एका इंग्रज अधिकाऱ्याची मोटरसायकल बघितली आणि ती आपल्याला हवीच, एवढ्यासाठी गावातून कोइम्बतूरला येऊन हॉटेलात काम केलं. पैसे साठवून ती विकत घेतली. घेतल्यावर काय केलं? सगळी खोलली आणि परत जोडली. पुढं १९२० साली पोळ्ळाची ते पळणी अशी एक बस सुरू केली आणि त्या एका बसची मोठी वाहतूक कंपनी झाली. १९३७ साली भारतात तयार झालेल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रिक मोटरमागे त्यांचाच हात होता. "म्हंजे मिस्त्रीच की," आबा म्हणाले. आबांच्या तोंडी यापेक्षा मोठा किताब नाही.

बहुतेक कार म्युझियममध्ये गाडीची किंमत आणि मालकाचा थाट बोलतो. तसा थाट बघायलाही मला आवडतो, खोटं कशाला सांगू. पण इथं भर आहे तो गाडीनं इंजिनिअरिंगमध्ये नवीन काय आणलं यावर. सुरुवातीलाच कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारीची प्रतिकृती आहे. तिचं पेटंट २९ जानेवारी १८८६ चं. तीन चाकं, एक सिलिंडर, ताकद एका घोड्याचीही नाही. पुढं एकच चाक, कारण दोन चाकं एकदम वळवण्याचा समाधानकारक मार्ग बेंझला तेव्हा सापडला नव्हता. हे वाचून आबा म्हणाले, "जमंना म्हणून थांबला न्हाई, हे बरं केलं."

मी मात्र त्या गाडीपाशी थांबले ती बेर्थासाठी. बेर्था बेंझ, कार्लची बायको. लग्नाआधीच तिनं आपल्या हुंड्याच्या पैशांतून त्याचा बुडता धंदा सावरला होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता या गाडीचं पुढचं मॉडेल बाहेर काढून, दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. सुमारे शंभर किलोमीटर. त्याआधी एवढ्या लांब कुणी मोटार नेली नव्हती. पेट्रोलपंप नावाची गोष्टच नव्हती, तिनं वाटेतल्या औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं. नळीत कचरा अडकला तर हॅटच्या पिनेनं काढला. तार उघडी पडली तर मोज्याचा बंद गुंडाळला. पाण्याची वाफ होऊन जायची, म्हणून जिथं मिळेल तिथं पाणी भरत गेली. चढावर मुलांनी गाडी ढकलली. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं.

मी हे सगळं आबांना मराठीतून सांगत होते. चांभारापाशी त्यांनी मला थांबवलं. "त्येचं नाव काय?"

भाऊ म्हणाला, "कुणाचं?"

"चांभाराचं."

आम्हाला दोघांनाही सांगता आलं नाही. आबा पुढच्या गाडीकडे गेले. त्या माणसानं जगातल्या पहिल्या लांब मोटारप्रवासात गाडीचे ब्रेक दुरुस्त केले होते. बेर्थाच्या त्या प्रवासाची आठवण आज तिकडे एका रस्त्याला तिचं नाव देऊन जपली आहे आणि जपावीच. पण आबांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

पुढं फोर्डची मॉडेल टी. इथं आम्ही पाऊण तास होतो. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी निघालेली गाडी. फिरत्या साखळीवर गाडी जोडायची पद्धत फोर्डनं १९१३ साली आणली आणि साडेबारा तासांचं काम दीड तासावर आलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आबांना ठाऊक होतं ते वेगळंच. त्यांनी तरुणपणी ओतकामाच्या एका जुन्या पुस्तकात वाचलेलं. बॉनेट बंद होतं, तरी ते आत काय आहे ते सांगायला लागले. त्या काळी सिलिंडर सुटे किंवा जोडीजोडीनं ओतायचे आणि मग बोल्टनं एकत्र बांधायचे. फोर्डनं चारही सिलिंडर एकाच ब्लॉकमध्ये, भोवतीच्या पाण्याच्या पोकळीसकट, एका दमात ओतले आणि वरचं झाकण, म्हणजे हेड, वेगळं केलं. हेड सुटं झालं म्हणून आतला कार्बन खरवडणं, व्हॉल्व्ह घासणं हे गावातल्या साध्या मेकॅनिकच्या आवाक्यात आलं.

आबांनी खिशातून म्युझियमचं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर भावाच्या पेननं चित्र काढलं. चार गोल, भोवती पाण्याची वाट, त्यात बसणारा वाळूचा कोअर. हा कोअर एका बाजूला केसभर सरकला तर सिलिंडरची भिंत तिकडं पातळ येते आणि ब्लॉक बाद. "चार भिंती चारी बाजूंनी सारख्या, आणि आस्ले ब्लॉक लाखांनी काढायचे. फोर्डचं नाव हाय ते हायच. पर त्यो कोअर बसवणारा माणूस!" त्यांचा आवाज चढला होता. शेजारची शाळेची पोरं आमच्याकडे बघायला लागली आणि मग तिकिटाकडे बघायला आली. त्यांना मराठी येत नव्हतं, आबांना तमिळ. दहा मिनिटं चित्रावर काम भागलं.

मग मी फलकावर एक ओळ वाचली आणि आबांना सांगितली. सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर मॉडेल टीला पाण्याचा पंपच नाही. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर जातं, रेडिएटरमध्ये निवतं, जड होऊन खाली येतं आणि परत इंजिनात शिरतं. आबा क्षणभर गप्प झाले आणि मग मनापासून हसले. "पंपच न्हाई! मग तडकणार काय?" माळ्यावरचा तो पॅटर्न आम्हा दोघांनाही एकाच वेळी आठवला होता.

बीटल आणि बाकीच्या गाड्या आम्ही झरझर बघितल्या. त्या चांगल्याच होत्या, पण आबांचे पाय दुखायला लागले होते.

*

परतीच्या प्रवासात आबांनी विषय काढला इचलकरंजीचा. "आपल्याकडं बी गाडी झाली व्हती. मीरा."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नव्या पोरांना हे नाव माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः तयार केली. पहिलं मॉडेल १९४९ सालचं, म्हणजे कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं त्याच वर्षातलं. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी, एवढा एकच ध्यास. ते ती पंचवीसेक वर्षं सुधारत राहिले. इंजिन मागच्या बाजूला, लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराचं सस्पेन्शन. सत्तरच्या दशकातल्या मॉडेलची किंमत बारा हजारांच्या आसपास राहील, असा त्यांचा हिशेब होता. गाडी तयार होती, रस्त्यावर चालत होती. तिचा कारखाना मात्र कधीच उभा राहिला नाही.

आबा त्या वेळी पंचविशीत होते. गाडी त्यांनी बघितली नाही, पण उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर तिची चर्चा रोज ऐकली. कुणाला वाटायचं, ब्लॉकचं काम आपल्याकडं येईल. कुणाला वाटायचं, ड्रमचं येईल. "आमी वाट बघत व्हतो," आबा एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. धारवाड मागं पडलं होतं, बेळगाव यायचं होतं.

मला त्या रात्री झोप आली नाही. बाबूराव पेंटरांनी चित्रपटासाठी लागणारा कॅमेरा याच गावात स्वतः बनवला. शेतकऱ्याच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन या गावानं घडवलं. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतून देशातल्या मोठमोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना कास्टिंग जातं. रस्त्यावरून जाणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या पोटात कोल्हापूर आहे आणि वरून ते कुठंच दिसत नाही. जुन्या गाड्यांचं म्युझियम आपल्याकडं व्हावं असं मला फार वाटतं. पण ते झालं तर त्यात राजेशाही मोटारींच्या शेजारी शाहू महाराजांचा खडखडा हवा, ज्यात बसून ते गावभर फिरायचे. मीरा हवी. आणि प्रत्येक गाडीपाशी, जमेल तेवढं शोधून, तिला चालू ठेवणाऱ्यांची नावं हवीत. मालक तीन झाले असतील तर मिस्त्री तीस झालेले असतात.

*

आपल्याकडं एक गाडी आहे, जी दरवर्षी सगळ्या गावाला चालताना दिसते. दसऱ्याला छत्रपती घराणं न्यू पॅलेसवरून दसरा चौकात येतं ते मेबॅक गाडीतून. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३० च्या दशकातली जर्मन गाडी. मेबॅक कंपनी आधी झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवायची. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनीला विमानांची इंजिनं करायला बंदी केली, म्हणून १९२१ पासून ती मोटारींकडे वळली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यांनी मिळून सुमारे अठराशेच गाड्या केल्या. त्यातली एक आपल्या अंबाबाईच्या पालखीसमोर येऊन उभी राहते.

यंदा मी आबांबरोबर गेले तेव्हा मला दुसरीच गोष्ट आठवत होती. ज्याच्या नावाची ही गाडी, तो विल्हेल्म मेबॅक दहाव्या वर्षी पोरका झाला होता. रॉइटलिंगेन गावातल्या एका धर्मादाय संस्थेनं त्याला सांभाळलं, तिथल्याच वर्कशॉपमध्ये तो काम शिकला, तिथंच गॉटलिब डाइम्लरच्या नजरेत भरला आणि पुढं मोठा इंजिनिअर झाला. मी चौकात मान वळवून बघितलं. एका बाजूला मुस्लिम बोर्डिंग, एका बाजूला दिगंबर जैन बोर्डिंग. शाहू महाराजांच्या काळात प्रत्येक समाजाच्या पोरांसाठी या गावात वसतिगृहं उभी राहिली, खेड्यातली पोरं शिकावीत म्हणून. एका पोरक्या मुलाच्या नावाची गाडी बरोबर त्याच इमारतींच्या समोर येऊन थांबते. हे कुणी ठरवून केलेलं नाही. मला मात्र आता ती गाडी दुसऱ्या कुठल्या चौकात बघवणार नाही.

सूर्य कलला. शमीपूजन झालं, बार निघाले, सोनं लुटायला झुंबड उडाली. आबा गर्दीत शिरले नाहीत. कानामागे हात धरून ते परत निघालेल्या गाडीचा आवाज ऐकत होते. ढोल-ताशांत मला काहीच ऐकू येत नव्हतं. "चांगली हाय," ते म्हणाले. "कुणीतरी मन लावून बघतंय तिच्याकडं."

घरी आलो. आदल्या दिवशी खंडेनवमीला पुजलेली पटाशी, रंधा, ती लांब इंचाची पट्टी, सगळं अजून पाटावरच होतं. शेजारी पाण्याच्या पंपाचा पॅटर्न. दरवर्षी आबा तोही खाली काढतात. त्यांनी त्यावर आपट्याचं पान ठेवलं. मी पॅटर्न उचलून उलटा केला. खाली लाखेचा थर सोडून काहीच नव्हतं. भावाच्या पोरीचा मार्कर घेतला आणि विचारलं, "आबा, साल कुठलं?"

त्यांनी साल सांगितलं. मी लिहिलं. मग त्यांचं नाव लिहायला घेतलं तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब. आधी मोल्डरचं लिही. मग टर्नरचं. फिटर कोण व्हता... जरा इचार करू दे."

आणि ते पाटासमोर भिंतीला टेकून, डोळे मिटून आठवायला बसले.